उपाशीपोटी घेतलेलं रक्त

भाजी घेताना मी तराजूच्या काट्याकडे बघत नाही, विकणाऱ्याच्या करंगळीकडे बघते. ही सवय वडिलांची. पुण्याच्या नव्हे, इथल्या कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात आमचं कापडाचं दुकान होतं आणि आलेल्या गिऱ्हाइकाला खरंच काही घ्यायचंय की नुसती ठाणं उलगडून बघायची आहेत, हे वडील त्याने चपला काढायच्या आत ओळखत. आमचं घराणं साताऱ्याकडून इथे कधी आलं ते कोणालाच नीट माहीत नाही. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात निम्मी कन्नड मिसळलेली असते. पुण्याची मंडळी आमचं बोलणं ऐकून हसतात आणि ती का हसली असतील यावर मी दोन दिवस विचार करते. नवरा म्हणतो, तू देवळात प्रसाद घेतानासुद्धा पुढच्याला किती मिळाला ते आधी बघतेस. खोटं नाही ते.

अशा बाईने मनोविकारतज्ज्ञ व्हावं आणि जन्मभर स्किझोफ्रेनियावर संशोधन करावं, याची गंमत मला फार उशिरा कळली. या आजारात माणसाला लोकांचा संशय येतो. कोणीतरी पाळतीवर आहे, कोणीतरी जेवणात काही मिसळतंय असं वाटत राहतं. हा संशय किती आहे ते मोजायला आमच्याकडे फॉर्म असतो. समोरचा बोलतो, आपण ऐकतो आणि आकडा लिहितो. माझ्या संशयाला मात्र कोणी कधी आकडा दिला नाही. माझ्या गोपनीय अहवालात वरिष्ठ त्याला चोखंदळपणा म्हणत.

माझं नाव झालं ते एकाच कामामुळे. पहिल्यांदाच दवाखान्यात आलेल्या, अजून एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांचं रक्त आम्ही तपासत होतो. सकाळी, उपाशीपोटी. निरोगी लोकांच्या रक्ताशी ताडून बघितलं तेव्हा रुग्णांच्या शरीराची साखर हाताळायची रीतच बिघडलेली दिसली. गोळ्यांनी असं होतं हे ठाऊक होतं. आमच्याकडे ते गोळ्यांच्या आधीच दिसत होतं. म्हणजे आजार नुसता डोक्यात नाही, तो अंगभर आहे. हे मी परिषदांमध्ये सांगितलं, पण त्याहून जास्त वेळा बाह्यरुग्ण विभागात सांगितलं. मुलाला घेऊन आलेल्या आईला मी म्हणत असे, तुमच्या वाढवण्यात काही चूक नाही, हे बघा, रक्तातच दिसतंय. बायका रडत. मलाही बरं वाटे. माझ्या आयुष्यात मी डोळे मिटून विश्वास ठेवला अशा गोष्टी थोड्या, त्यातली ही एक.

दुसरा विश्वास अक्कावर. अक्का म्हणजे आमच्याकडे रक्त काढणारी बाई. तिला सगळे अक्काच म्हणत, माझ्यापेक्षा वयाने लहान असलेलेही आणि मीही. हात इतका हलका की रडणारं माणूस सुई निघाल्यावर विचारी, झालं का? प्रत्येक नळीबरोबर ती एक चिठ्ठी भरायची. नाव, वेळ, आणि उपाशी आहे का या प्रश्नापुढे बरोबरची खूण. तिच्या त्या खुणा मी एकदाही पडताळल्या नाहीत. भाजीवाल्याची करंगळी बघणाऱ्या बाईने अक्काच्या खुणा पडताळल्या नाहीत, हे मी आजही स्वतःला सुनावते.

अक्का निवृत्त झाली आणि तिच्या जागी माझा पीएचडीचा विद्यार्थीच रक्त काढू लागला. पुण्याचा मुलगा, एमडी झालेला, हुशार. कोरमंगलाला पीजीत राहायचा आणि स्कूटरवरून यायचा. एका दुपारी तो माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं. दार लावून घेणारी माणसं मला आवडत नाहीत. म्हणाला, नवे सॅम्पल रन केले, रुग्ण आणि निरोगी यांच्यात डिफरन्सच नाहीये. पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच आलं. आणखी रुग्ण घेतले, तरी तेच.

त्याच्याच हातून काहीतरी बिघडतंय, याबद्दल मला शंका उरली नाही. नमुने टेबलावर ठेवून हा डोसा खायला जात असणार. नाहीतर कोणत्या तरी दुसऱ्या प्रयोगशाळेने त्याला फितवला असणार, माझं काम पाडून त्याला तिकडे जागा मिळणार असेल. हे मी आता लिहिते तेव्हा हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. मी सकाळी लवकर जाऊन जिन्याच्या वळणावर उभी राहू लागले. फ्रीजरची वही काढून वेळा ताडून पाहिल्या. रखवालदाराला सहज विचारल्यासारखं विचारलं की डॉक्टर किती वाजता येतात. पोरगा रोज साडेसातला हजर असायचा. तेही मला संशयास्पद वाटलं.

शेवटी तोच बोलला. "मॅम, तुम्ही माझ्या मागे फ्रीजर उघडता हे मला माहितीये. माझं सगळं चेक करा, नो इश्यू. पण मग जुनंही चेक करा ना." आवाज चढवला नाही, पण कान लाल झाले होते. मला राग आला. राग आला कारण तो बरोबर बोलत होता.

म्हणून मी जुन्या फायली काढल्या. मनात हेतू सरळ नव्हता. जुनं काम किती चोख होतं ते त्याला दाखवायचं होतं. कपाटातले गठ्ठे खाली घेतले, रक्त किती वाजता काढलं, कोणी काढलं, बघत बसले. तिसऱ्या का चौथ्या दिवशी माझ्याच अक्षरातलं एक पान समोर आलं.

तो रुग्ण मला आठवत होता. बेळगावकडचा, बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा. मराठी बोलणारा म्हणून त्याची मुलाखत मी स्वतः घेत असे. वरच्या मजल्यावरचे लोक पाण्याच्या पाइपातून आपल्याबद्दल बोलतात, असं त्याला वाटायचं. पहिलं रक्त दिलं, गोळ्या सुरू झाल्या, सहा महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला आला. त्या दुसऱ्या भेटीच्या पानावर मी त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं, कारण तसं उतरवायचं आम्हाला शिकवतात. "रक्त काढायच्या आधी हितली बाई मला कायतरी पाजती. त्यानं रक्त बदलतं. तुमाला ते म्हाईत न्हाई."

त्याखाली माझा शेरा होता. दवाखान्यातल्या माणसांवर संशय, खाण्यात काही मिसळल्याचा भ्रम, आजार वाढलेला. फॉर्मवर वरचा आकडा. आणि शेवटच्या ओळीत, गोळीचा डोस वाढवला.

मी ते पान तीनदा वाचलं असेल. अक्का बसायची ती खोली माझ्या खोलीपासून दहा पावलांवर होती. दहा पावलं जाऊन, अक्का, तू याला काही पाजतेस का, एवढंच विचारायचं होतं. पुढची पानं उलटली. डोस वाढल्यावर त्याचा हात थरथरू लागला होता. लेथवर थरथरता हात चालत नाही, म्हणून कारखान्याने त्याला पॅकिंगला बसवलं. त्याबद्दलही माझा शेरा होता, नोकरी टिकून आहे म्हणून. आणि त्यानंतर प्रत्येक नव्या डॉक्टरने मागच्या पानावरून तेच वाक्य उतरवून घेतलं होतं. पूर्वी दवाखान्यातल्या माणसांबद्दल भ्रम, डोस कमी करताना जपून. डोस कधी कमी झालाच नव्हता.

अक्का निवृत्तीनंतर येलहंकाच्या पुढे मुलीजवळ राहते. मी गेले तेव्हा तिला वाटलं मी सहज भेटायला आले, आणि ती आनंदाने आत पळाली ती काहीतरी करून आणायला. मी थेट विचारलं. तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत. हो, पाजायची. नाचणीचं गूळ घातलेलं माल्ट, इथे सगळे पितात ते, घरून थर्मासमध्ये भरून आणायची. रायचूर, चित्रदुर्ग, कुठून कुठून माणसं रात्रभर बसमध्ये बसून यायची. आदल्या दुपारपासून पोटात काही नाही. सुई टोचली की घेरी येऊन पडायची. एक पोरगी पडली आणि तिचं कपाळ फुटलं, तेव्हापासून अक्काने हे सुरू केलं.

"स्वल्पच द्यायचे मी," ती कन्नडमध्ये म्हणाली. "अर्धा लोटा. तो काय जेवण झाला? जेवले नसतील तर उपाशीच लिहायचं ना."

निरोगी लोकांना द्यायचीस का, असं मी विचारलं. ती हसली. ते सगळे आपल्याच कचेरीतले कारकून आणि नर्सेस. घरी झोपून आलेले, रक्त देऊन सरळ कॅन्टीनला इडली खायला जाणारे. त्यांना कशाला पाजायचं?

म्हणजे माझा शोध अर्धा लोटा गूळ घातलेल्या माल्टचा होता. गूळ पोटात गेल्यावर रक्तात जे दिसणार तेच आम्हाला दिसलं, आणि आम्ही त्याला आजार म्हणालो. अक्काने आणलेलं माल्ट मी प्यायले. फार चवदार होतं. निघताना तिने विचारलं, काही चुकलं का हो माझं? मी म्हटलं, नाही. हे मी खोटं बोलले की खरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

विद्यार्थ्याची माफी मागितली. त्याने इट्स ओके मॅम म्हटलं आणि पुढचा आठवडाभर माझ्याकडे बघितलं नाही. शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र मी त्याच्यासमोर बसून लिहिलं. खूप लागलं, हे कबूल करते. त्या आयांना मी रक्ताचं सांगितलं होतं. चूक तुमची नाही हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे, पण पुरावा म्हणून मी त्यांच्या हातात गूळ दिला होता. तरी निबंध मागे घेणं सोपं गेलं. त्याला रीत असते, मसुदा असतो. त्या लेथवरच्या माणसाला सांगायला कुठला मसुदा नव्हता, आणि त्याला सांगायचं की नाही हेच मला ठरवता येईना.

त्याच्याबरोबर नेहमी त्याची थोरली बहीण येते. दोघं बोम्मसंद्रालाच राहतात, ती एका शिवणाच्या कारखान्यात जाते. पुढच्या तारखेला ते आले तेव्हा मी आधी तिला एकटीला बोलावून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग माझ्या टेबलाची कड तिने घट्ट धरली.

"मॅडम, त्याला नका सांगू. आता कुठं रोजच्या रोज गोळी घ्यायला लागलाय. तुमीच म्हटलासा की तो बरोबर हुता, तर उद्या समदंच बरोबर म्हणंल. मग मी काय करू?"

तिचं चुकत नव्हतं. गोळी बंद झाल्यावर काय होतं ते तिने एकटीने काढलं होतं. एकदा तो तीन दिवस बेपत्ता होता, राज्याच्या सीमेवर अत्तिबेलेच्या चेकपोस्टजवळ सापडला. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी म्हटलं, विचार करते. ती गेली आणि मला आत कुठेतरी हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचाच मला संशय आला. बहीण नको म्हणते हे मला किती सोयीचं होतं.

पुढचे काही आठवडे मी स्वतःशी वाद घालत होते. सांगितलं तर तो गोळ्या सोडेल आणि पुन्हा रस्त्यावर जाईल. नाही सांगितलं तर फायलीतली ओळ तशीच राहील. ती मी गुपचूप खोडू शकत होते, डोसही दुसरं काही कारण काढून कमी करू शकत होते. पण मग इथे आपल्याला न सांगता काहीतरी केलं जातं, हा त्याचा संशय मीच खरा करून दाखवला असता, आणि या वेळी पूर्ण शुद्धीत. ते मला जमेना. शेवटी बहिणीला फोन करून म्हटलं, सांगणार आहे, पण तुमच्यासमोर, आणि त्यानंतर दर आठवड्याला मी स्वतः त्याला बघेन. ती म्हणाली, सरी, म्हणजे ठीक आहे.

तो आला, बसला. जाड झाला होता, गोळ्यांनी होतात तसा. मी फाईल उघडून ते पान त्याच्यासमोर ठेवलं आणि काय घडलं ते एकेक करून सांगितलं. माल्ट, गूळ, अक्काची चिठ्ठी. तुम्ही सांगितलंत ते अक्षरशः खरं होतं, मी ते आजार म्हणून लिहिलं, त्यावर गोळी वाढवली आणि ती चूक माझी, असं म्हणाले.

तो पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लेथवरनं उतरलेला जॉब, म्हंजे लोखंडाचा तुकडा, गरम असताना मोजायचा नसतो, मॅडम. थंड झाल्यावर मोजायचा. न्हाईतर माप खोटं येतं. मला तेवढंच म्हणायचं हुतं."

मी मान हलवली.

"तवा तुमी त्या बाईला इचारला न्हाईसा?"

"नाही विचारलं."

गोळी बंद का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बंद नाही. हळूहळू कमी करून बघू. म्हणजे मी बरोबर हुतो पण गोळी हायच, तो म्हणाला, आणि किंचित हसला. आणि मग ज्याची मला भीती होती तो प्रश्न आला. "मग वरच्या मजल्यावरची माणसं?"

तो आजार होता, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. तितक्यात तो म्हणाला, "ते तरी तपासलासा?"

ते मी तपासलं नव्हतं. पाइपातून माणसं बोलत नाहीत हे काय तपासायचं? पण त्या दिवशी त्या खोलीत हे म्हणायची माझी पत नव्हती. बहिणीकडे बघायचं धाडस झालं नाही.

बोलली तीच. "मी बघून आले हुते. तू पहिल्यांदा सांगितलास त्याच दिवशी. वरच्या घराला कुलूप हुतं. मालकाकडनं किल्ली घेऊन आत गेले. दोन वरसं कोण राहत न्हवतं तिथं. तुला सांगितलं हुतं की."

त्याने तिच्याकडे बघितलं. "व्हय," तो म्हणाला. "सांगितलीस." आणि खिशातून रुमाल काढून त्याने कपाळ पुसलं. इतकी वर्षं शिकून, परदेश हिंडून मी जे केलं नव्हतं, ते शिवणकाम करणाऱ्या या बाईने एक जिना चढून केलं होतं. मला तिची लाज वाटली आणि तिचा आधारही वाटला, दोन्ही एकदम.

कमी केलेला डोस लिहून दिला. फायलीतल्या जुन्या ओळीवर रेघ मारली, बाजूला कारण लिहिलं, तारीख घातली, सही केली. राहिला एक फॉर्म. निबंध मागे घेतल्यावर आम्ही सगळ्यांचं रक्त नव्याने, खरोखर उपाशीपोटी घेत होतो आणि त्याला विचारणंही नियमाने भाग होतं. विचारायला जीभ रेटत नव्हती. तरी विचारलं. त्याने शांतपणे नाही म्हटलं.

नकार दिला तर त्या फॉर्मवर नकाराचं कारण लिहावं लागतं. मी पेन धरून बसले. त्याने मान वाकडी करून तो रकाना बघितला आणि विचारलं, हितं लोकांचं काय लिव्हता? खोटं बोलून भागणार नव्हतं. मी म्हटलं, बहुतेक वेळा एकच शब्द लिहितो, संशय.

"मग तेच लिव्हा," तो म्हणाला. "आता खरं हाय."

त्याला वाचता यावं म्हणून मी मराठीत लिहिलं. त्याने कागद आपल्याकडे फिरवून तो शब्द वाचला आणि मग खाली सही केली.